हचिन्सन गेला तरी लायन्स जिंकतच राहिले. मग त्याची गरज नव्हती का?

आधी दोन आकडे देते, मग बोलू. ४-१ आणि ११-१.

हे डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे २०२४ च्या हंगामातले निकाल आहेत. पहिल्या पाच सामन्यांत त्यांचा सगळ्यात धोकादायक बचावपटू एडन हचिन्सन मैदानात होता. तेव्हा चार जिंकले, एक हरले. १३ ऑक्टोबरला डॅलसमध्ये पाचव्या सामन्यात त्याचा डावा पाय आपल्याच संघातल्या अलिम मॅकनीलच्या पायावर आदळला आणि नडगीची दोन्ही हाडं मोडली. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे साखळीतले बारा सामने तो नव्हता. त्यातले अकरा जिंकले, एक हरले.

आता तुम्ही संशोधनाच्या तयारीत आहात असं समजून विचारते. हे आकडे बघून 'हचिन्सनच्या असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही' असं लिहाल का?

हसू नका. मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी अगदी हेच लिहिलं होतं. फुटबॉलबद्दल नाही, एका रुग्णालयातल्या वॉर्डाबद्दल. ती गोष्ट पुढे येईलच. लायन्सचं उदाहरण मला नंतर सापडलं, माझ्या रूममेटमुळे. ती पक्की डेट्रॉइटची, आणि त्या हिवाळ्यात आमच्या घरात दर रविवारी हाच विषय असायचा. माझ्या प्रबंधातली जवळजवळ प्रत्येक चूक या एका हंगामाच्या आकड्यांतून समजावता येते, म्हणून आज तेच घेते.

खेळ माहीत नसेल तर इतकंच पुरे. मैदानावर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण असतात. चढाई करणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरकतो आणि पुढे धावणाऱ्या साथीदाराकडे फेकतो. बचाव करणाऱ्यांची पहिली फळी, साधारण चार धिप्पाड माणसं, समोरची भिंत फोडून त्याच्यापर्यंत पोचायला बघते. चेंडू सुटायच्या आत त्याला पाडलं की तो 'सॅक'. बाकीचे सात जण मागे, चेंडू कुणाकडे जाणार त्याला झाकून असतात. पहिल्या फळीचं काम दमवणारं आहे, त्यामुळे तिथे माणसं आलटून-पालटून आत-बाहेर होत असतात. संघात ५३ जण, शिवाय सराव-पथकात १६. एखाद्या जागेमागे किती कामाची माणसं उभी आहेत, त्याला तिथले लोक 'डेप्थ' म्हणतात.

आता ११-१ कडे वळू. यात पहिली गोची म्हणजे जिंकणं-हरणं ही अख्ख्या संघाची गोष्ट आहे आणि हचिन्सन फक्त बचावात खेळतो. पहिल्या पाच सामन्यांत लायन्सनी सरासरी ३०.२ गुण केले, नंतरच्या बारांत ३४.४. म्हणजे चढाई आणखी जोरात चालली आणि बचावात काय झालं ते तिच्या आवाजात ऐकूच आलं नाही. तुम्ही मोजायला घेतलेली गोष्ट तुमच्या प्रश्नापासून किती लांब आहे, हे आधी बघायचं असतं. माझ्या अनुभवात निम्मे प्रपोजल इथेच घसरतात.

मग जवळचं मोजू: लायन्सनी किती गुण दिले. पहिल्या पाच सामन्यांत क्रमाने २०, २०, १३, २९, ९. सरासरी १८.२. नंतरच्या बारांत २९, १४, १४, २३, ६, ६, २०, ३१, ४८, १७, ३४, ९. सरासरी २०.९. म्हणजे हचिन्सन गेल्यावर दर सामन्याला २.७ गुण जास्त गेले. बरं वाटतं ना? अपेक्षेच्या दिशेने फरक आला, आकार पटण्याजोगा, आता निष्कर्ष लिहून टाकू.

थांबा. डॅलसचा सामना कुठे टाकलात?

हचिन्सन तिसऱ्या सत्रात जखमी झाला. म्हणजे तो सामना ना पूर्ण 'आधी'चा, ना पूर्ण 'नंतर'चा. वर मी तो 'आधी'त धरला, काही न बोलता. आता 'नंतर'मध्ये टाका. आधीच्या चार सामन्यांची सरासरी होते २०.५ आणि नंतरच्या तेरांची बरोब्बर २०. फरकाची दिशाच उलटली! एकच सामना एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवला आणि 'बचाव ढासळला'चं 'बचाव किंचित सुधारला' झालं. कागद घ्या आणि स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं बेरीज चुकली.

बेरीज बरोबर होती, फक्त त्या २.७ मध्ये दम नव्हता. बघा ना, जखमेनंतर लायन्स मिनेसोटा, ग्रीन बे आणि शिकागो या तिन्ही संघांशी दोन-दोनदा खेळले. मिनेसोटाला एकदा २९ गुण दिले, एकदा ९. ग्रीन बेला १४, मग ३१. शिकागोला २० आणि १७. समोर तोच संघ, हचिन्सन दोन्ही वेळा गैरहजर, तरी फरक वीस-वीस गुणांपर्यंत. इतक्या गलक्यात तुम्ही २.७ शोधताय. पहिल्या डावाचे पाच आणि नंतरचे बारा सामने घेऊन ९५ टक्क्यांची मर्यादा काढली तर ती साधारण उणे ८ पासून अधिक १४ पर्यंत पसरते. म्हणजे बचाव बराच सुधारला, तसाच राहिला किंवा पार कोसळला, या तिन्हींना हे आकडे 'चालेल' म्हणतात. 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे आपण सगळे एम.एस्सी.ला पाठ करतो. पण स्वतःच्या स्लाइडवर वेळ आली की पहिल्याचं दुसरं कधी होतं, कळतही नाही.

अजून एक खोडी. नंतरच्या बाराचे सहा-सहा असे दोन भाग करा. पहिल्या सहांची सरासरी १५.३, शेवटच्या सहांची २६.५. आता दोन वेगळ्या कहाण्या तयार आहेत. नोव्हेंबरच्या शेवटी कुणी लेख लिहिला असता तर तो 'राखीव फळीने हचिन्सनची उणीव भासू दिली नाही' असा झाला असता, आकड्यांसकट. डिसेंबरच्या शेवटी तोच माणूस 'राखीव फळी दमली' असं लिहील, तेही आकड्यांसकट.

यातली कोणती खरी? पहिल्या सहांत टेनेसी आणि जॅक्सनव्हिल होते. त्या हंगामात टेनेसीची कमाई ३-१४, जॅक्सनव्हिलची ४-१३, आणि दोघांचाही नेहमीचा क्वार्टरबॅक त्या दिवशी खेळत नव्हता. टेनेसीविरुद्धचा ५२-१४ तर मजेशीर आहे: त्या सामन्यात यार्ड जास्त टेनेसीनेच काढले! गुणफलक वेगळंच सांगत होता. शेवटच्या सहांत उलट, समोर बफेलोसारखा तगडा संघ, आणि लायन्सकडे एव्हाना फक्त हचिन्सनच बाहेर नव्हता. मार्कस डॅव्हनपोर्ट सप्टेंबरमध्येच गेला होता. मधल्या फळीतल्या अॅलेक्स अॅन्झालोनचा हात जॅक्सनव्हिलच्या सामन्यात मोडला, आणि तो परतला थेट शेवटच्या सामन्यात, जिथे फक्त ९ गुण गेले. बफेलोच्या ४८-४२ मध्ये मॅकनीलचा गुडघा गेला. हो, तोच मॅकनील. त्याच सामन्यात कॉर्नरबॅक कार्लटन डेव्हिसचा जबडा फ्रॅक्चर झाला. मग त्या २६.५ पैकी हचिन्सनच्या नावावर किती लिहायचे? काळ पुढे सरकतो तेव्हा तुमच्या एका घटनेबरोबर इतर दहा गोष्टीही सरकतात. 'आधी-नंतर'ची तुलना त्या सगळ्यांचं बिल एकाच माणसाच्या नावावर फाडते.

बरं, हचिन्सनला तरी नीट मोजलं होतं का? पाच सामन्यांत साडेसात सॅक. त्या वेळी लीगमध्ये सर्वाधिक. हाच वेग १७ सामने टिकला असता तर साडेपंचवीस झाले असते, आणि तेव्हाचा एका हंगामाचा विक्रम होता साडेबावीस. पण साडेसातपैकी साडेचार एकाच सामन्यातले, टॅम्पा बेविरुद्धचे. बाकी चार सामन्यांत मिळून तीन. म्हणजे तो निरोगी राहिला असता तरी आकडा खाली आलाच असता. फॉर्म गेला म्हणून नव्हे. शिखरावर असताना मोजलेल्या गोष्टी नंतर सरासरीकडे उतरतात म्हणून. राखीव फळीची तुलना या साडेपंचविसाशी केली तर तिच्यावर अन्याय होतो. (आणि तो टॅम्पा बेचा सामना? पाचातला एकमेव पराभव. खरंच.)

उलट्या बाजूचा पुरावाही ठेवते, नाहीतर माझ्यावरच एकतर्फीपणाचा आरोप येईल. हंगाम संपला तेव्हाही लायन्सकडून सर्वाधिक सॅक हचिन्सनचेच होते. पाच सामन्यांवर! बारा सामन्यांत त्यांच्या एकाही माणसाला साडेसात गाठता आले नाहीत.

मग ते जिंकत कसे राहिले? आता आपण माझ्या लाडक्या मुद्द्यावर आलो.

आपल्या डोक्यातलं चित्र असं असतं की एक माणूस गेला, बाकावरून दुसरा उठून त्याच्या जागी उभा राहिला, आता या दोघांतला फरक मोजा. प्रत्यक्षात जागा अशी भरली जात नाही, काम पसरतं. सराव-पथकातून वर आलेल्या अल-क्वादिन मुहम्मदने काही उचललं. लीव्हाय ऑन्वुझुरिके, जॉश पास्कल यांच्या वाट्याचं काम बदललं. ५ नोव्हेंबरला, अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, क्लीव्हलंडकडून झडेरियस स्मिथला आणलं, आणि तो पहिल्यांदा उतरला १७ नोव्हेंबरला. म्हणजे 'आमच्याकडे होती त्या राखीव फळीने सांभाळलं' हे तपासायचं तर बारा नव्हे, चारच सामने हातात उरतात. पुढचे आठ हे 'राखीव फळी अधिक विकत आणलेला माणूस' असे आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम जिथे गेलं ती जागा पहिल्या फळीत नव्हतीच. बचावाचे प्रशिक्षक अॅरन ग्लेन यांनी ब्लिट्झवर जास्त भिस्त ठेवली. ब्लिट्झ म्हणजे चौघांऐवजी पाच-सहा जण क्वार्टरबॅकवर सोडायचे. हिशोब सोपा आहे: पुढे एक वाढला की मागे एक कमी. मागच्या कॉर्नरबॅकना मदतनीस उरत नाही आणि समोरच्याला एकट्याने झाकावं लागतं. जमलं तर झकास, नाहीतर मोठं भगदाड. हचिन्सन गेल्याची किंमत अशी मागच्या माणसांकडून वसूल होत होती. तुम्ही फक्त पहिल्या फळीवर कॅमेरा लावून क्वार्टरबॅकवर दबाव किती आला ते मोजलं तर लिहाल, 'उणीव भरून निघाली'. भरून निघालीच, पण पैसे दुसऱ्याच्या खिशातून गेले.

कारणमीमांसेच्या पुस्तकांत एक गृहीतक असतं: एकाला दिलेल्या उपचाराचा परिणाम दुसऱ्यावर होत नाही. औषधाच्या चाचणीत ते बरंचसं खपून जातं. टीममध्ये ते पहिल्या दिवशीच मोडतं, कारण टीम म्हणजेच एकाचं दुसऱ्यावर जाणं.

आता माझ्या वॉर्डाची गोष्ट. माझ्या प्रोजेक्टचा प्रश्न होता: वॉर्डातली अनुभवी नर्स अचानक रजेवर गेली तर रुग्णांच्या सेवेवर काय परिणाम होतो? मी औषधं वेळेवर दिल्याचं प्रमाण घेतलं, रजेच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे घेतले. फरक शून्याच्या आसपास. मी खूश. स्लाइडवर ठसठशीत लिहिलं, 'व्यवस्था लवचीक आहे'. त्या बैठकीला व्यवस्थापनातले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी फार सौजन्याने विचारलं, "मग गरजेला बोलावता याव्यात म्हणून ज्या राखीव नर्सेस ठेवतो, त्यांची संख्या कमी केली तर चालेल, असं समजायचं का?"

माझ्या तोंडून 'हो' निघणारच होतं. माझ्या गाईड मध्येच म्हणाल्या, "त्या आठवड्यांत बाकीच्या नर्सेसनी काय केलं, ते तुझ्याकडे आहे?"

नव्हतं. मी ते मागितलंच नव्हतं. पुढे दोघी-तिघींशी बोलले तेव्हा कळलं: जेवणाची सुट्टी सोडली, ड्यूटी संपल्यावर थांबल्या, नोंदी घरी जायच्या आधी घाईत उरकल्या. औषधं वेळेवर गेली, कारण बाकी सगळं उशिरा गेलं. आणि राखीव नर्सेसनाही बोलावलं होतंच. म्हणजे ज्यांच्यामुळे फरक शून्य दिसला, त्यांनाच माझ्या शून्याच्या आधारे कमी करायची चर्चा सुरू झाली होती. तो दिवस आठवला की मला अजूनही घाम फुटतो.

तर मग असला प्रश्न अभ्यासायचा कसा? पहिलं, माणूस का गेला ते बघा. हचिन्सनची जखम संशोधकाच्या दृष्टीने 'चांगली' आहे (वाक्य क्रूर आहे, माफ करा), कारण पाय पायावर आदळणं हा अपघात, संघाच्या कामगिरीशी त्याचा संबंध नाही. याउलट २०२५ चा इंग्लंड दौरा आठवा. बुमराह पाचपैकी तीन कसोटी खेळला: दोन हरलो, एक अनिर्णित. तो नव्हता त्या एजबॅस्टन आणि ओव्हलच्या दोन्ही जिंकलो. या आकड्यांवरून आपल्याकडे किती चर्चा झाली! पण तो तीनच सामने खेळणार हे दौऱ्याआधी ठरलं होतं आणि कोणते तीन ते संघ बघून ठरवत होता. निवडून दिलेली विश्रांती आणि अचानक मोडलेलं हाड, दोन्ही 'गैरहजेरी'च्या एकाच रकान्यात टाकू नका. माझ्या डेटातही ठरवून घेतलेली रजा आणि अचानकची रजा मी आधी एकत्रच धरल्या होत्या, हे आता कबूल करते.

दुसरं, एका संघावर थांबू नका. पियरे अझूले, जोशुआ ग्राफ झिविन आणि जियालान वांग यांचा २०१० चा शोधनिबंध जरूर वाचा. त्यांनी ११२ नामवंत शास्त्रज्ञ घेतले, जे अनपेक्षितपणे आणि अकाली वारले, आणि मागे राहिलेल्या त्यांच्या सहलेखकांचं काय झालं ते पाहिलं. सहलेखकांचं दर्जानुसार मोजलेलं लेखन सरासरी ५ ते ८ टक्क्यांनी घटलं आणि ती घट टिकून राहिली. यातल्या दोन गोष्टी चोरण्यासारख्या आहेत. त्यांनी ११२ घटना घेतल्या, त्यामुळे एका डॅलसच्या सामन्याने दिशा उलटत नाही. आणि गेलेल्या माणसाची जागा कुणी घेतली याऐवजी आजूबाजूच्यांवर काय आलं ते मोजलं. फुटबॉलमध्येही असंच करता येईल: अनेक हंगामांतल्या, अनेक संघांच्या पहिल्या फळीतल्या अचानक जखमा एकत्र करायच्या, प्रतिस्पर्ध्याची ताकद हिशोबात घ्यायची आणि गुणांऐवजी प्रत्येक चालीवरचा दबाव, ब्लिट्झचं प्रमाण आणि मागच्या फळीने दिलेले यार्ड हे तिन्ही सोबत बघायचे.

लायन्सचं पुढे काय झालं ते राहिलंच. १८ जानेवारी २०२५ ला बाद फेरीत, घरच्या मैदानावर, वॉशिंग्टनकडून ४५-३१ ने हरले. दुसऱ्या दिवशी रूममेटसकट सगळे म्हणत होते, हचिन्सन असता तर! असता तर कदाचित. पण त्या सामन्यात लायन्सच्या चढाईने पाच वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला, त्याला तो काय करणार? डिसेंबरपर्यंत ज्याची उणीव 'भरून निघाली' होती ती जानेवारीत एका संध्याकाळीत परत रिकामी झाली. आणि २०२५ च्या हंगामात हचिन्सन परतला, तर संघ ९-८. त्याच्यासह ९-८, त्याच्याविना ११-१. अर्थात मधल्या काळात अॅरन ग्लेन आणि चढाईचे प्रशिक्षक बेन जॉन्सन, दोघंही दुसऱ्या संघांचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले होते. हे कारण तुम्ही माझ्याआधीच शोधलं असेल तर उत्तम.

माझ्या प्रपोजलमधला प्रश्न मी बदलला. 'अनुभवी नर्स नसताना सेवा घसरते का?' याच्या जागी आता आहे, 'ती नसताना तिचं काम कुणाकुणाकडे जातं, आणि ते किती आठवडे पेलतं?' यासाठी ओव्हरटाइमच्या आणि चुकलेल्या सुट्ट्यांच्या नोंदी लागणार होत्या. त्या वेगळ्या खात्यात, वेगळ्या परवानगीने मिळतात, आणि ती परवानगी यायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत कुठले अर्ज भरले आणि त्यातले कुठले आधीच भरायला हवे होते, ते पुढच्या लेखात लिहिते. तुम्ही माणसांच्या नोंदींवर काम करणार असाल तर तोवर एवढं करा: 'काय मोजणार' याच्या यादीखाली आणखी एक रकाना आखा, 'हे सुरळीत ठेवायला कुणाचं काय गेलं', आणि त्यासाठीही परवानगी आत्ताच मागा.